पांढरीतला ठेवा : तेरच्या लामतुरे संग्रहालयाची वाटचाल

मराठवाड्यात गावाची जमीन दोन नावांनी ओळखली जाते. पीक देते ती काळी, वस्तीखाली असते ती पांढरी. पडक्या भिंती, चुलीतली राख, फुटकी मडकी, शेणमाती हे सगळं पिढ्यान् पिढ्या एकावर एक साचत गेलं की वस्तीची जागा उंचावते आणि मातीचा रंग फिकट होतो. धाराशिव जिल्ह्यात तेरणा नदीच्या काठावरच्या तेर गावाभोवती अशा पांढरीच्या टेकड्याच आहेत. ही माती गावोगावचे लोक पूर्वापार खणून नेत आले. माळवदावर अंथरायला ती उत्तम, कारण पाणी झिरपू देत नाही. भिंतींना चालते, शेतात टाकली तर खताचं काम करते. तेरच्या पांढरीत कुदळ पडली की मातीबरोबर आणखीही काही वर यायचं. शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, अकीकाचे आणि काचेचे मणी, शिशाची नाणी, भाजलेल्या मातीच्या बाहुल्या. पावसाळ्यात उतारावरची माती वाहून गेली की मणी आपोआप उघडे पडायचे.

अशा वस्तूंचं बहुतेक गावांत काय होतं, ते सगळ्यांना ठाऊक आहे. मूर्ती असेल तर तिला शेंदूर लागतो. नाणं असेल तर सोनाराकडे जातं. बाकीचं पुन्हा मातीत. तेरमध्ये मात्र वेगळं घडलं, कारण त्या गावात रामलिंगप्पा लामतुरे नावाचे एक व्यापारी होते.

रामलिंगप्पा पुरातत्त्वाचे पदवीधर नव्हते, कुठल्या खात्याचे अधिकारीही नव्हते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, तेर निजामाच्या हैदराबाद संस्थानात असताना, त्यांनी आपल्याच गावात सापडणाऱ्या वस्तू गोळा करायला सुरुवात केली. पुढे वीस हजारांहून अधिक वस्तूंचा संग्रह उभा राहिला. हा आकडा मोठा आहेच, पण संग्रहाचं खरं मोल त्याच्या एकगावी असण्यात आहे. श्रीमंत संग्राहक देशभरातून निवडक, देखण्या वस्तू विकत घेतात. रामलिंगप्पांनी एकाच गावच्या मातीतलं देखणं आणि साधं असं दोन्ही जपलं. फुटका दिवा, अर्धी बाहुली, हाडाचं टोकदार हत्यार, दगडी पाटा, एखादाच मणी. बाजारात ज्याला किंमत नव्हती तेच पुढे अभ्यासकांच्या सर्वाधिक उपयोगी पडलं.

त्या काळी तेर म्हणजे नेमकं काय, याबद्दल विद्वानांतच वाद होता. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस'मध्ये दक्षिणेतल्या दोन मोठ्या बाजारपेठांची नावं येतात, पैठण आणि तगर. भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, असा त्याचा हिशेब. पैठणहून अकीकासारखे दगड, तगरहून साधं कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल, असा माल गाड्यांवर लादून धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला जाई. टॉलेमीच्या भूगोलातही तगर आहे. कोकणात आणि कोल्हापुरात राज्य केलेले शिलाहार राजे आपल्या ताम्रपटांत स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवून घेत. एवढं नाव गाजलेलं हे शहर गेलं कुठे? विल्फर्डने ते देवगिरीला नेऊन ठेवलं, पंडित भगवानलाल इंद्रजींनी जुन्नरला, तर रा. गो. भांडारकरांनी धारूरकडे बोट दाखवलं. एका अपभ्रंश काव्यानेही या भागाची आठवण जपली होती. मुनी कनकामराच्या 'करकंडचरिउ'मध्ये तेरापूर आणि त्याजवळची लेणी येतात. हिरालाल जैन यांनी हा ग्रंथ १९३४ मध्ये कारंजा इथून संपादित करून प्रसिद्ध केला.

१९०१ मध्ये जे. एफ. फ्लीट यांनी लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात तगर म्हणजेच तेर असं मांडलं. पैठणपासून आग्नेयेला सुमारे ९५ मैल, आणि बैलगाडीच्या चालीने दहा दिवस. पुरातत्त्व खात्याच्या हेन्री कझिन्स यांनी प्रत्यक्ष पाहणी केली आणि खात्याच्या १९०२-०३ च्या अहवालात तेरवर सविस्तर लिहिलं. त्रिविक्रमाच्या देवळाची मागची बाजू अर्धगोलाकार का, याचं उत्तर त्यांनी दिलं. ही वास्तू मुळात विटांनी बांधलेला बौद्ध चैत्य होती, विष्णूची पूजा तिथे नंतर सुरू झाली. ज्या त्रिविक्रम मंदिरात संत नामदेवांच्या कीर्तनात संत गोरोबाकाकांना त्यांचे तुटलेले हात परत मिळाले, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे, तेच हे मंदिर. श्रद्धेचे दोन मोठे प्रवाह एकाच गाभाऱ्यात भेटल्याचं इतकं स्पष्ट उदाहरण महाराष्ट्रात क्वचितच सापडेल.

परदेशी पंडितांचे लेख इंग्रजीत, लंडनच्या नियतकालिकात आणि खात्याच्या अहवालात छापले गेले. ते तेरच्या किती लोकांपर्यंत पोहोचले असतील? म्हणूनच रामलिंगप्पांच्या कामाचं अप्रूप वाटतं. लेखांनी गावाचं नाव सिद्ध केलं, गावातल्या माणसाने गावाचा पुरावा राखला.

हैदराबाद संस्थानाचं पुरातत्त्व खातं १९१४ मध्ये गुलाम यझदानी यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालं. त्याचं मुख्य लक्ष अजिंठा, वेरूळ यांच्याकडे होतं, आणि ते स्वाभाविकही होतं. १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झालं, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात. बारा वर्षांत या मुलखाचं सरकार तीनदा बदललं. अशा उलथापालथीत कागद हरवतात, कपाटं हलतात, जबाबदारी कुणाची ते ठरत नाही. तेरचा संग्रह त्या काळातून सुखरूप पार पडला, कारण तो कुठल्याही कचेरीत नव्हता. तो गावातल्या एका घरात होता.

स्वातंत्र्यानंतर शास्त्रशुद्ध उत्खननं सुरू झाली. १९५८ मध्ये बा. ना. चापेकर यांनी तेरला उत्खनन केलं, त्याचा अहवाल १९६९ मध्ये निघाला. साठच्या दशकात राज्याच्या पुरातत्त्व विभागाने केलेल्या उत्खननात चाकाच्या आऱ्यांसारखी आतली रचना असलेला विटांचा स्तूप उजेडात आला. पुढे १९७४-७५ मध्येही काम झालं. मधल्या काळात, १९६० मध्ये, ब्रिटिश म्युझियमचे डग्लस बॅरेट यांनी 'तेर' याच नावाची पुस्तिका लिहिली. त्यामुळे गावातल्या या वस्तू जगाच्या कलेतिहासात दाखल झाल्या.

या वस्तूंत सर्वांत नावाजलेली आहे ती हस्तिदंताची छोटी स्त्रीमूर्ती. इटलीत पाँपेई इथे १९३८ मध्ये हस्तिदंताची एक भारतीय स्त्रीमूर्ती सापडली होती. व्हेसुव्हियसच्या राखेने ते शहर इसवी सन ७९ मध्ये गाडलं, म्हणजे मूर्ती त्याआधीच तिथे पोहोचलेली. तिच्या जातकुळीची मूर्ती तेरला मिळाली आणि भोकरदनच्या १९७३ च्या उत्खननातही तशीच एक निघाली. पाँपेईची मूर्ती मथुरेकडची की दख्खनची, या चर्चेत तेर आणि भोकरदन या दोन गावांचा दाखला दिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. एवढ्यावर थांबायचं कारण नाही. पांढऱ्या केओलिन मातीच्या, आतून पोकळ, दोन साच्यांत घडवलेल्या स्त्रीप्रतिमा संग्रहालयात आहेत. दोन साच्यांचं हे तंत्र रोमन जगाशी आलेल्या संबंधातून इकडे रुजलं असं अभ्यासक मानतात. केसांची ठेवण, कानातले, बांगड्यांचे थर, चेहऱ्यावरचं हसू हे सगळं मात्र इथलंच. लज्जागौरीच्या प्रतिमाही तेरला मिळाल्या आहेत. रा. चिं. ढेरे यांनी १९७८ मध्ये 'लज्जागौरी' हा ग्रंथ लिहून मातृदेवतेचा जो शोध घेतला, त्याच्या मुळाशी अशाच छोट्या मूर्ती होत्या.

आणखी एक वस्तू थांबून बघण्यासारखी आहे. उत्तरेश्वराच्या विटांच्या देवळाची कोरीव लाकडी चौकट. ती सहाव्या-सातव्या शतकातली मानली जाते. दगडी शिल्पांची आपल्याला सवय असते, पण वाळवी, पाऊस, आग यांतून इतकी शतकं तगलेलं लाकूड भारतात फार थोड्या ठिकाणी आहे. ते पाहायला पॅरिसला किंवा दिल्लीला जावं लागत नाही. याच जिल्ह्यातल्या येरमाळ्याहून निघालं तर येडशी, ढोकी करत तेर गाठता येतं.

हे घडू शकलं ते लामतुरे कुटुंबाच्या एका निर्णयामुळे. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला कुटुंबाने संपूर्ण संग्रह महाराष्ट्र शासनाकडे सुपूर्द केला आणि तेरमध्येच शासकीय संग्रहालय उभं राहिलं. त्याला रामलिंगप्पा लामतुरे यांचं नाव दिलं गेलं. तो काळ आठवावा. १९७२ च्या दुष्काळाने मराठवाडा होरपळत होता, लोक खडी फोडायच्या कामावर होते. याच वर्षी देशात पुरावस्तू आणि कलानिधी कायदा झाला. १९७६ पासून तो अमलात आला आणि प्राचीन वस्तूंची नोंदणी सक्तीची झाली, विक्री आणि निर्यात यांवर नवी बंधनं आली. तोवर कितीतरी गावांतल्या मूर्ती व्यापाऱ्यांच्या हाती लागून परदेशी गेल्या होत्या. तेरच्या वस्तूंना गिऱ्हाईक मिळणं अवघड नव्हतं. तरी त्या गावातच राहिल्या, तेही एकसंध.

महाराष्ट्रात अशी आणखी उदाहरणं आहेत. पुण्यात दिनकर केळकरांनी आपला संग्रह १९६२ मध्ये शासनाला दिला आणि राजा केळकर संग्रहालय झालं. पण तेरचं सख्खं नातं आहे ते पैठणशी. पैठणमध्ये बाळासाहेब पाटील यांनी गोदाकाठच्या पांढरीतल्या वस्तू अशाच जमवल्या, आणि तिथल्या शासकीय संग्रहालयाला त्यांचं नाव आहे. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या व्यापारी वाटेवरच्या दोन्ही बाजारपेठांत आज जी संग्रहालयं आहेत, ती दोन्ही गावातल्या माणसांच्या वेडातून जन्मली. सरकारने पुढे आधार दिला, इमारत दिली, कर्मचारी दिले. पण सुरुवात सरकारची नव्हती.

अर्धशतक ओलांडलेल्या संस्थेचा इतिहास लिहिताना तिच्या मर्यादाही नोंदवायला हव्यात. जमिनीवर वेचलेल्या किंवा माती खणताना मिळालेल्या वस्तूला थर नसतो. ती किती खोलीवर होती, तिच्या शेजारी काय होतं, हे कळत नाही. उत्खननातला एक मणी म्हणूनच वेचलेल्या शंभर मण्यांचा काळ ठरवायला मदत करतो. तेरमध्ये दोन्ही प्रकारचा पुरावा आहे, हे या गावाचं भाग्य. परंतु तिसराही एक पुरावा असतो, तो माणसांच्या तोंडी असतो. कुठल्या टेकडीवर कोणत्या बाजूला काय निघायचं, माती न्यायला कोण यायचं, सापडलेल्या बाहुलीला घरात काय म्हणायचे, मुलांना तिच्याशी खेळू द्यायचे की भीतीने पुन्हा पुरायचे. हे जुन्या जाणत्यांकडून ऐकून उतरवून घेतलं तर काचेच्या कपाटातल्या प्रत्येक वस्तूमागे एक माणूस उभा राहील. कुंभारांकडून तर बरंच कळण्यासारखं आहे. तेर हे संत गोरोबाकाकांचं गाव. १३१७ मध्ये त्यांनी इथे समाधी घेतली, आणि चैत्रात त्यांची यात्रा भरते. ज्या थापटण्याने त्यांनी संतमंडळींची डोकी तपासून नामदेवांना कच्चं मडकं ठरवलं, ते थापटणं आजही कुंभाराच्या हातात असतं. सातवाहनकाळच्या खापरावर थापटण्याच्या खुणा कशा ओळखायच्या, हे सांगायला कुंभाराइतका जाणकार कोण असणार?

या जिल्ह्यात असं नोंदवून ठेवण्यासारखं किती आहे! हैदराबाद मुक्तिसंग्रामाचा इतिहास अनंत भालेरावांनी 'हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा' या ग्रंथात लिहिला, स्वामी रामानंद तीर्थांनी आठवणी लिहिल्या. ज्या हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत स्वामीजी शिकवत, ती याच जिल्ह्यातली. नेत्यांचं लेखन झालं. पण रात्री भाकऱ्या थापून सीमेवरच्या कॅम्पांना पोहोचवणाऱ्या बायका, निरोप्ये, पळून बार्शी-सोलापूरकडे गेलेली कुटुंबं, आणि रझाकारांच्या काळात व त्यानंतरच्या पोलीस कारवाईत भीतीने दिवस काढलेली मुस्लिम घरं, यांच्या आठवणी घराघरांतच राहिल्या. त्या सांगणारी पिढी आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहे. कसबे तडवळ्याला १९४१ च्या फेब्रुवारीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर महार-मांग वतनदार परिषदेसाठी आले. ही घटना तिथल्या वस्तीने पिढ्यान् पिढ्या आठवणीने जपली, तेव्हा कुठे पुढे तिच्या स्मारकाची चर्चा होऊ शकली. कागदाला ज्याची गरज वाटली नाही ते माणसांनी लक्षात ठेवलं.

कागदांचीही वेगळीच अडचण आहे. निजामकाळचं बरंचसं महसुली दप्तर उर्दूत, जुने कितीतरी कागद मोडीत. जुन्या वाड्यांच्या माडीवर रुमालात बांधलेले कागद असतात. वाचणारं कुणी नाही म्हणून ते रद्दीत जातात किंवा वाडा पाडताना मातीत. मोडी आणि उर्दू दोन्ही वाचू शकणारा तरुण जिल्ह्यात तयार करणं हे संग्रहालयासाठी इमारतीइतकंच निकडीचं काम आहे.

आणि मग ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. किल्लारीचा भूकंप म्हणून जग त्याला ओळखतं, पण लातूरइतकाच तो आपल्या जिल्ह्याचाही होता. सास्तूर आणि लोहारा-उमरगा भागातली गावं त्यात कोसळली. दोन्ही जिल्ह्यांत मिळून सुमारे दहा हजार माणसं गेली. इतकी माणसं जाण्याचं मोठं कारण होतं घरांची बांधणी. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यावर वर्षानुवर्षं थरावर थर चढवलेलं मातीचं माळवद. ज्या पांढऱ्या मातीने तेरला दोन हजार वर्षांचा ठेवा सांभाळला, तीच इथे झोपलेल्या माणसांवर कोसळली. पुढे सर्वाधिक नुकसान झालेली बावन्न गावं नव्या जागी वसवली गेली. जुनी गावठाणं ओस पडली. आज तिथे बाभळी, ढिगारे आणि गवत दिसतं.

ती गावठाणं म्हणजे तयार होत असलेल्या नव्या पांढरी आहेत. फरक एवढाच की तगरच्या माणसांपैकी एकाचाही आवाज आपल्याला ऐकू येत नाही, आणि या गावांतली माणसं अजून आपल्यात आहेत. कोणत्या आळीत कुणाचं घर होतं, चावडी कुठे, पार कुठे, कोणत्या विहिरीचं पाणी गोड, नव्या गावात चौकोनी प्लॉटांवर राहायला गेल्यावर शेजार कसा बदलला, जुन्या गावच्या देवाला नव्या गावात आणावं की नाही यावर काय वाद झाले, हे सगळं सांगता येईल अशी माणसं पन्नाशी-साठीत, सत्तरीत आहेत. भूकंपाच्या तांत्रिक बाजूवर आणि पुनर्वसनावर अहवाल पुष्कळ निघाले. गावाच्या आठवणींचा नकाशा मात्र गावानेच काढायचा असतो.

असं काम शक्य आहे, हे महाराष्ट्राने सिद्ध करून दाखवलं आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी सहकाऱ्यांसह ऐंशीच्या दशकापासून जात्यावरच्या ओव्या जमवल्या. हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या त्यांनी लिहून घेतल्या, बऱ्याच ध्वनिमुद्रित केल्या. बीड जिल्ह्यात माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांनी गायलेल्या बाबासाहेबांवरच्या ओव्या त्यात आहेत. आता 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहामार्फत त्या लोकांपर्यंत पोहोचत आहेत. ओवीबरोबर गाणाऱ्या बाईचं नाव, गाव आणि तारीख जपली गेली, हे त्या कामाचं मोठेपण. गाणारी बाई 'एक स्त्री' म्हणून उरली नाही.

येरमाळ्याच्या लोकांना हे वेगळं पटवून द्यायला नको. चैत्री पौर्णिमेला तिथे येडाई देवीची यात्रा भरते, पालखी डोंगरावरून आमराईकडे निघते आणि वाटेत चुन्याच्या रानात हजारो हात चुनखडी वेचतात. त्या चुन्याने देवीच्या मंदिराला रंग दिला जातो. 'आई राजा उदो उदो'च्या गजरात आराधी, पोतराज, हलगीवाले, बैलगाडीने आणि आता ट्रॅक्टरने येणारी कुटुंबं एकत्र येतात. यात कोणत्या गावाचा कोणता मान, पालखीला कुणाचा खांदा, आराध्यांची कोणती गाणी आता कुणालाच येत नाहीत, दुष्काळाच्या वर्षी यात्रा कशी झाली, कोरोनाच्या टाळेबंदीत मंदिर बंद असताना घरोघरी काय केलं, याची नोंद ठेवायला फार साधनं लागत नाहीत. एक मोबाइल, एक वही आणि ऐकून घेणारा माणूस पुरे.

नोंद घेताना चार गोष्टी विसरू नयेत. सांगणाऱ्याची परवानगी, त्याचं पूर्ण नाव आणि गाव, सांगितल्याची तारीख, आणि ध्वनिमुद्रणाची एक प्रत तालुक्याबाहेर दुसऱ्या सुरक्षित ठिकाणी. शेतात मूर्ती, नाणं किंवा कोरीव दगड निघाला तर तो जागचा हलवण्यापूर्वी फोटो काढावा, गट क्रमांक आणि खोली लिहावी आणि तहसील कार्यालयाला किंवा पुरातत्त्व विभागाला कळवावं. आज कायद्याच्या बंधनांमुळे रामलिंगप्पांसारखा खाजगी संग्रह करणं सोपं राहिलेलं नाही, पण त्यांच्यासारखं लक्ष ठेवायला कायद्याची आडकाठी नाही. वीरगळ, सतीशिळा, बारवेवरचा शिलालेख जागेवरच ठेवून त्यांची गावनिहाय यादी शाळेतल्या मुलांना करता येईल, आणि तेरच्या संग्रहालयाला ती देता येईल. कळंब, भूम, परंडा, वाशी, लोहारा, उमरगा, तुळजापूर, धाराशिव अशा आठही तालुक्यांच्या याद्या तिथे एकत्र आल्या, तर एका गावच्या पांढरीतून उभं राहिलेलं हे संग्रहालय साऱ्या जिल्ह्याची नोंदवही होऊ शकेल.